कापलेल्या कानाला हळद

अन्याय मांजरांवर झाला. अबूधाबीबाहेरच्या मुसफ्फातल्या एका लेबर कॅम्पच्या मांजरांवर, एप्रिल २००३ मध्ये, ज्या आठवड्यात बगदाद पडलं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, माणसं जुम्म्याच्या नमाजाला गेली होती तेवढ्या वेळात.

हे आधीच लिहून टाकते, कारण नंतर मला बरेच लोक म्हणाले, "अगं, तिकडे माणसं मरतायत आणि तुला मांजरांचं काय पडलंय?" माणसं मरत होती हे मलाही दिसत होतं, टीव्ही आमच्याकडेही होता. पण माणसं मारायचा निर्णय मुसफ्फात झाला नव्हता. मांजरांचा झाला. आणि तो आपल्यातल्याच एका माणसाने घेतला. मराठी माणसाने, एका फोनवर.

मुंबईत मी पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि अभ्यासापेक्षा जास्त वेळ पत्रकं वाटण्यात घालवला. लग्न करून अबूधाबीत आले तेव्हा एका खासगी क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली. तिथे पर्शियन मांजरांची नखं कापायची आणि त्यांच्या मालकिणींचं कौतुक करायचं. शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी घरी बसून माझं डोकं फिरायला लागलं, म्हणून क्लिनिकची जुनी हत्यारं मागून घेतली आणि मुसफ्फा गाठलं. गॅरेजेस, फॅब्रिकेशनची वर्कशॉप्स, कंपन्यांच्या बसेस आणि पोर्टाकेबिनच्या रांगा. जिथे मेस तिथे खरकटं, खरकटं तिथे उंदीर, उंदीर तिथे मांजर. आणि मांजरं वाढली की पेस्ट कंट्रोल.

ज्या कॅम्पमध्ये मी काम सुरू केलं, त्या कंपनीचे ऍडमिन मॅनेजर पुण्याचे. नवऱ्याच्या ओळखीतले. गणपतीत त्यांच्या घरी आरती असायची. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्याशी माझा सौदा ठरला तो त्यांच्याच हॉलमध्ये, मोदक खाताना.

"तू ऑपरेशनं कर, माझी ना नाही," काका म्हणाले. "कान कापलेलं मांजर माझ्याकडून सेफ. पण कॅम्पात एक जरी पिल्लू दिसलं ना, खलास. मी पेस्ट कंट्रोलला फोन करणार. मग कानवाली, बिनकानवाली, सगळी जाणार."

"शब्द?"

"शब्द म्हणजे काय! पुण्याचा माणूस आहे मी."

"म्हणूनच विचारतेय, काका."

ते खो खो हसले. बेडरूमचं दार बंद होतं. पाहुणे आले की त्यांच्या मुलीचं मांजर आत कोंडायचे. दाराखालच्या फटीतून एक पांढरा पंजा बाहेर येऊन फरशी चाचपत होता. त्या घरी मी त्या मांजराचा पंजाच काय तो पाहिला.

कान कापण्याचं सांगायला हवं. भटकं मांजर पकडायचं, भूल द्यायची, मादी असेल तर डाव्या कुशीवरचे केस काढून तिथून गर्भाशय काढायचं, टाके घालायचे. ती झोपेत असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं, म्हणजे पुन्हा कोणी तिला पकडून उगाच फाडणार नाही. मग जिथून उचललं तिथेच सोडायचं. मेसच्या मागच्या स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यांशेजारी माझं टेबल असायचं. कॅम्पातल्या माणसांसाठी मी हिंदी, उर्दू आणि मल्याळममध्ये पत्रक चिकटवलं. हिंदीत होतं: कान कटा, जान बची. फक्त चार शब्द. वाचणाऱ्याकडे बसमध्ये चढण्याएवढाच वेळ असतो, हे मी मुंबईत शिकले होते.

जानेवारीत इराकवरच्या लढाईची चर्चा सुरू झाली. काका १९९० मध्ये कुवेतला होते. त्यांनी तिथून नेसत्या कपड्यांनिशी वाळवंट ओलांडलं होतं. पोपटाच्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून ते निघाले होते. "बाहेर आलाच नाही तो," हे ते दर वेळी सांगायचे आणि दर वेळी तिथेच थांबायचे. असा माणूस दुसऱ्यांदा वाट बघत बसत नाही. त्यांनी बायको आणि मुलगी पुण्याला पाठवून दिली.

"मांजराचं काय केलंत?" मी फोनवर विचारलं.

"चांगल्या घरी दिलं."

बरं वाटलं. मी कामाला लागले.

फेब्रुवारीपासून वारा सुटला. वायव्येकडून येणारा, अंगावर पिठासारखी धूळ टाकणारा. ती धूळ इराकवरून येते असं सगळेच म्हणायचे. शुक्रवारी दुपारी कॅम्प ओस असायचा. माणसं मशिदीत, नाहीतर शहरात. तारेवरचे कपडे एका बाजूला ताठ उडत राहायचे आणि पोर्टाकेबिनचे पत्रे आपोआप वाजायचे. मागच्या ठेंगण्या भिंतीवर मांजरं रांगेने बसायची, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. डोळ्यांत धूळ जात असताना मांजर वाऱ्याकडे तोंड करून बसत नाही. ही बसायची. मी हाक मारली तर एकही मान वळायची नाही, फक्त कान वळायचे. कापलेले डावे कान.

मी माझी मांजरं ओळखते. म्हणून मला कळलं की रांग वाढतेय. मी कधी टेबलावर न घेतलेला एक बोका, डावा कान कापलेला. पुढच्या शुक्रवारी एक तपकिरी मादी, मग काळी जोडी. माझी खूण, माझ्याच बाजूला, आणि मांजरं माझी नाहीत. मी नसताना इथे कोणीतरी मीच होऊन काम करून जात होतं.

मग ती राखाडी मादी दिसली, पंजे तेवढे पांढरे. नाकाखाली एकाच बाजूला काळा डाग, अर्धी मिशी असल्यासारखा. तिचाही कान कापलेला. आणि पोट खाली लोंबत होतं.

पहिला विचार आला तो हाच, की आपलं ऑपरेशन फसलं. दुसरा विचार सौद्याचा. एक पिल्लू, आणि सगळी जाणार. बाकीच्यांना पकडायला पिंजरा लागायचा, ही मात्र स्वतः चालत माझ्या हातात आली. मी कूस चाचपली. केस सलग, कुठे व्रण नाही. पोटाला हात लावला तर आत हललं. दिवस भरत आले होते, आता तिला उघडणं धोक्याचं होतं. कान जवळून पाहिला तेव्हा कापलेली कड पिवळी दिसली. वास घेतला. हळद.

हळद कॅम्पात एकाच ठिकाणी होती.

मेसचे आचारी श्रीवर्धनकडचे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. ते बांगडे साफ करत होते.

"चाचा, ही कात्री कसली?"

"मच्छीची."

"आणखी कसली?"

त्यांनी लपवलं नाही. "पेस्ट कंट्रोलवाला येऊन बघून गेला बाय. तुझा एकच शुक्रवार, मांजरं किती! म्हटलं, तुझा भार हलका करू. कान कटा, जान बची. तूच लिवलंस ना?"

"अहो, आधी ऑपरेशन असतं! कान नंतर!"

"ते कागदावर कुठं हाय?"

"भूल न देता कापलेत तुम्ही! दुखलं असेल त्यांना!"

"दुखलं असंल. मेल्यापरीस बरं." त्यांनी कात्री पाण्यात बुडवली. "कात्री तापवून घेतो, बिस्मिल्ला म्हणतो, हळद भरतो. तू काय म्हणतेस कापताना?"

मी काहीच म्हणत नव्हते कापताना. पण त्या दिवशी खूप बोलले, घसा बसेपर्यंत. चाचा शेवटी म्हणाले, "चाय घे आता," आणि कप पुढे केला. त्यानंतर त्यांनी एकही कान कापला नाही. लोक म्हणतात, पत्रकात चूक होती. नव्हती. कान कापला असेल तर जीव वाचेल, असा शब्द दिला गेला होता आणि मी तोच छापला. चाचांनी त्यावर विश्वास ठेवला. वाक्य खोटं पाडलं ते दुसऱ्याने.

मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, मला फक्त दोन शुक्रवार द्या, चाचांची सगळी मांजरं उरकते.

"इन्शाल्ला," काका म्हणाले.

"काका, इन्शाल्ला म्हणजे हो की नाही?"

"इतकी वर्षं काढली इथे, मलाच कळलेलं नाही," म्हणून हसले.

पहिल्या शुक्रवारी मी हात दुखेपर्यंत काम केलं. त्याच सकाळी गॅसच्या सिलिंडरांमागे राखाडी मादीची पिल्लं सापडली. डोळे मिटलेली, ओल्या पापडासारखे कान. मी पुढे खोका सरकवला. आणि नेमकी काकांची गाडी आत आली. तपासणीला.

त्यांचा आवाज ऐकला आणि भिंत रिकामी झाली. सगळी मांजरं पोर्टाकेबिनखाली. एकटी राखाडी मादी सिलिंडरांमागून बाहेर आली, पिल्लं तशीच टाकून. शेपटी ताठ उभी. सरळ धावत गेली आणि काकांच्या बुटावर जाऊन बसली. पंजे अंगाखाली घेऊन, नेहमीची जागा असल्यासारखी.

काकांनी खाली पाहिलं. कान पाहिला, असं मला वाटलं. मग ते जे मान वर करून बोलू लागले, ती मान पुन्हा खाली गेली नाही.

"कान कापलाय आणि पिल्लं? ऑपरेशन बोगस आहे तुझं."

"फोनवर सांगितलं ना, हिचं ऑपरेशन झालेलंच नाही. चाचांनी..."

"ते मला नको सांगूस. डील काय होतं?"

"तुम्ही दोन शुक्रवार दिलेत!"

"मी इन्शाल्ला म्हटलं."

बोलताना त्यांनी पाय हळूच काढून घेतला. मांजर पुन्हा बुटावर बसली. त्यांनी दुसरा पाय मागे घेतला. असे ते मागे मागे गाडीपर्यंत गेले, आणि ती त्यांच्या मागे. दार लागलं, काच वर गेली. गाडी फाटकाबाहेर गेल्यावरही ती तिथेच धुळीत बसून होती, तोंड फाटकाकडे.

मी रोज फोन करत राहिले. ते मीटिंगमध्ये असायचे.

दुसऱ्या शुक्रवारी मी पोचले तेव्हा वारा पडला होता. आधी त्यानेच मनात चुकचुकलं. फाटकापासूनच फिनेलचा वास. पाण्याची भांडी काठोकाठ भरलेली, जनरेटरच्या हादऱ्याने आतलं पाणी थरथरत होतं, कोणी प्यायलं नव्हतं. सिलिंडरांमागचा खोका जागेवर, आतलं फडकंसुद्धा. मागच्या भिंतीवर आठवड्याची धूळ जाड साचली होती, आणि त्या धुळीत ओळीने स्वच्छ जागा होत्या. प्रत्येकी एका मांजराएवढी. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मांजरं नव्हती, पण रांग होती. आणि मला खात्रीने वाटत होतं, की मी पाठ वळवली की कान वळतील.

चाचा नमाजाहून आले. त्यांनी सकाळीच काढून ठेवलेली बांगड्यांची डोकी परातीत आणली, नेहमीसारखं काठावर ठोकलं. टण टण टण. पत्र्यांवर आवाज फिरून परत आला. त्यांनी पुन्हा ठोकलं. पोर्टाकेबिनखाली वाकून पाहिलं. मग परात तशीच हातात धरून मला विचारलं, "कान तर कापला व्हता ना, बाय?"

मे महिन्यात घरचा फोन वाजला. पुण्याहून, एक लहान मुलगी.

"मावशी? पापा गेव्ह मी युअर नंबर फॉर माय बर्थडे. इज शी इटिंग?"

"कोण गं?"

"माय कॅट! पापा सेड शी लिव्ज विथ यू नाऊ. डज शी सिट ऑन युअर शूज? शी ओन्ली सिट्स ऑन पापाज शूज." मग हळूच, गुपित सांगितल्यासारखं, "यू नो ना, द अर्धी-मिशी वन."

माझ्या घरात तेव्हा एकही मांजर नव्हतं. तरी मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं.

"बाबांना विचार, सोन्या," मी म्हटलं. "नीट विचार. त्यांनाच माहीत आहे."

संध्याकाळी काकांचा फोन आला. "काय सांगितलंस माझ्या मुलीला?"

"काहीच नाही. तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, की तू ती दुसऱ्या चांगल्या घरी दिलीस."

"काका, बुटावर बसली तेव्हाच ओळखलंत ना तिला?"

पलीकडे एसीची घरघर ऐकू येत राहिली. शेवटी फोन मीच ठेवला.

त्या मुलीचा मला अजून फोन येतो. दर वेळी ती विचारते, नव्या घराचा पत्ता मिळाला का. अभ्यास, शाळा, सुट्ट्या सगळं बोलून झालं की शेवटी तेच. मी काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचं काम माझं नाही.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही आखातात असा नाहीतर पुण्यात, तुमच्याही घरातून कधीतरी एखादं जनावर 'चांगल्या घरी' गेलं असेल. ते घर खरोखर असेल, तर तिथे जाऊन पाहून या. नसेल, तर हे वाचायचं थांबवा, मुलाला हाक मारा आणि काय केलंत ते सांगा. आज सांगा. काका, तुम्हीसुद्धा.