माझा पाय आणि हिंगोलीचा अंगठा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी माझे पाय बाहेर आले. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. पण पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते असं आमच्याकडं मानतात, आणि एवढ्या एका गोष्टीवर मी पन्नाशी गाठली. जवळा बाजारला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. सोयाबीनचं पोतं उचलताना कंबर धरली की हमाल सरळ माझ्याकडं येतात, फरशीवर पालथे पडतात. मी चप्पल काढून उजवा पाय तीनदा लावतो. माणूस उठतो, "मोकळं झालं मालक" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. शाळेत, शेतीत, धंद्यात मला कुणी पुढं बसवलं नाही. इथं मात्र माझ्या तोडीचा दुसरा नव्हता.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत बायकोचा उजवा खांदा धरला. मान वळेना, हात डोक्यावर जाईना. अंबाडा घालायचा तर पोरगी लागायची. मी रोज सकाळी चहाच्या आधी पाय लावत होतो. ती पालथी पडायची, उठायची आणि न बोलता चहा ठेवायची. तिच्या न बोलण्याचा मी गुण येतोय असा अर्थ घेतला होता.

मग पोरीनं हिंगोलीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंची वेळ घेतली. गोळी नाही, सुई नाही, त्या हातानंच आखडलेले स्नायू मोकळे करतात म्हणे. सुई टोचणार असत्या तर मला चाललं असतं. ते खातं वेगळं. पण हातानंच म्हणजे माझ्या दुकानासमोर कुणीतरी दुकान टाकलं. त्यात फोनवर सूचना आल्या: सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट आणा, पोट तुडुंब भरून येऊ नका. माझ्याकडं माणूस पुरणपोळी खाऊन आला तरी चालतं, असं मी म्हणालो. पोरगी मोबाईलमधून डोकं वर न काढता हसली.

बाई निघाल्या माझ्या पोरीच्या वयाच्या. आल्या आल्या दाबायला लागतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कितीतरी वेळ हातच लावला नाही. नुसतं विचारत होत्या. कधीपासून दुखतं, कोणत्या कुशीवर झोपता, कळ बोटांपर्यंत उतरते का, मुंग्या येतात का, शुगर आहे का. आणि बायको सांगत सुटली. कणीक मळताना कुठं ठणकतं, कूस बदलताना कशी जाग येते, ब्लाऊजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी येतं. यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. एका परक्या पोरीला ती हे सगळं पहिल्या भेटीत सांगते आणि मी बाजूच्या खुर्चीत पिशवी धरून बसलोय, हे मला काही केल्या गोड वाटेना.

मग बाईंनी हात वर करायला लावला. कानाच्या खालीच अडकला. त्यांनी तिला आत पालथं झोपवलं आणि पडदा ओढला. मला म्हणाल्या, इथंच बसा काका, सगळं ऐकू येईल. तेच तर नको होतं. काय करणार ते त्या आधी सांगत आणि मग करत. आता थोडं तेल लावते, आता खांद्याच्या मागं दाबते. दहापैकी किती दुखतंय ते सांगत राहा, जास्त झालं तर लगेच थांबेन. बायको "पाच" म्हणाली, मग "सात" म्हणाली, आणि मग म्हणाली, "आई गं, हितंच, हितंच."

हे "हितंच" मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

दाबता दाबता बाईंनी विचारलं, घरी काही करत होता का, शेक, मालिश?

"आमचे हे पायाळू हायत," बायको म्हणाली. "पाय लावतात."

आता हसणार म्हणून मी खाली बघितलं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "त्यानं बरं वाटतं का?"

इतक्या वर्षांत हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. माझी सगळी इज्जत त्या पडद्यामागं पालथी पडली होती, आणि बायको विचार करत होती.

"बरं कायचं वाटतंय," ती म्हणाली. "पण नको म्हणलं तर तोंड पाडून बसतात. दुकानबी उघडत न्हाईत."

आता मात्र दोघी हसल्या. बायकोचं हसणं खांदा सैल झालेल्या माणसाचं होतं. समोर भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, मी त्याच्या पायांकडं बघत बसलो.

पडदा सरला. हात कानाच्या वर गेला होता, पूर्ण नाही. बाई म्हणाल्या, एका दिवसात होत नाही, आठवड्यानं या. आज-उद्या मुका मार लागल्यासारखं दुखेल, घाबरू नका, गरम पाण्यानं शेका. मुंग्या वाढल्या तर फोन करा. आणि घरी रोज कुणीतरी हलकं दाबून द्यायला हवं. मग त्यांनी मला बोलावून माझा अंगठा बायकोच्या खांद्यावर ठेवला. मी दाबला. मनात जे साठलं होतं त्याच्यासकट दाबला.

"काका, भांडायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "हळू."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो. "रुसलात व्हय?" बायकोनं विचारलं. मी काहून रुसू, म्हणालो. "मग बरं," ती म्हणाली आणि औंढ्यापर्यंत गाढ झोपली.

तेव्हापासून मी रोज दाबतो. ती वर, खाली, जरा डावीकडं असं सांगत राहते. बाईंचा अंगठा लोण्यावाणी उतरतो आणि माझा खुंटीवाणी, हेही सांगते. परवा मी धीर करून विचारलं, पायापेक्षा तरी बरं आहे का? लई बरं, म्हणाली, आणि क्षणभरही थांबली नाही. आता माझ्याच पायाला माझ्या अंगठ्याचा हेवा वाटायला लागला.

पुढची वेळ तिनं स्वतः फोन करून घेतली. मी म्हणालो, आता मी आहे की घरी, हिंगोलीला कशाला जायचं?

"त्या आठवड्याच्या," ती म्हणाली. "तुमी रोजचे."

मी जरा ताठ बसलो. मग ध्यानात आलं, मी दुकानदार माणूस. आठवडी बाजाराची लोक जशी वाट बघतात तशी रोजच्या दुकानाची कुणी बघत नाही.