टेकूंचं गणित

माझा पुढचा दात घिवलीच्या चिखलात पडला, त्याला आता जमाना झाला. पाडणाऱ्याचं काहीएक चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

साठच्या दशकात मी मुंबईत एका मोठ्या संगणकावर कामाला होतो. कामांची रांग लावणारा कारभारी प्रोग्राम माझाच. आता त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. नियम एकच, यंत्र क्षणभरही रिकामं बसायचं नाही. एका प्रकारची कामं एकत्र बांधायची आणि सलग चालवायची. माणसाने खिडकीत भोकं पाडलेली कार्डं द्यावीत, दोन दिवसांनी यावं. काय माज होता मला त्या रांगेचा!

एका गुरुवारी घिवलीहून एका कंत्राटदाराचा मुकादम बिस्किटांच्या डब्यात कार्डं घेऊन आला. खाडीच्या काठी भिंतीसाठी खोल चर खणला होता. कडा ढासळू नयेत म्हणून फळ्यांना किती टेकू लावायचे, त्याचं ते गणित. एका कार्डात स्वल्पविराम द्यायचा राहून गेला होता. यंत्राने सगळं काम बाहेर फेकलं.

"साएब, मी हितंच उबा हाय. दुरुस्त करून आताच घाला ना. परवा उधान हाय, चरात मानसं हायत."

"यंत्र कोणासाठी थांबत नाही. दुरुस्त करून रांगेत ठेवा."

त्याने हात जोडले. मी खिडकी धाडकन लावली.

शनिवारी मला त्याच बाजूला, एडवणला घरी जायचंच होतं, म्हणून निकालाचा कागद घेऊन आधी घिवलीला गेलो. चर सकाळीच कोसळला होता. कागदाची वाट बघून शेवटी मुकादमानेच अंदाजाने टेकू लावले होते. आत त्याचा सख्खा भाऊ होता. त्याला नुकतंच उकरून फळीवर ठेवलं होतं. छातीचा पार चेंदामेंदा झाला होता.

आणि मी मूर्खासारखा कागद पुढे केला.

मुकादमाने माझी गचांडी धरली. पहिला ठोसा तोंडावर, दुसरा पोटात. पडलो तशा लाथा घातल्या. "आता आनतोस? आता?" सोडवायला कोणी आलं नाही. मग छातीवर गुडघा रोवून त्याने विचारलं, "मशीनला येळ किती लागला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. तोंडात रक्त साचलं होतं.

"चार मिनिटं."

त्याचा उगारलेला हात खाली आला. "येवडाच?" म्हणाला, आणि उठून भावाच्या पायाशी जाऊन बसला.

मी चिखलात तसाच पडून राहिलो. त्याने मारत राहायला हवं होतं.