पाण्याला काय द्याल?

बातमी आली तेव्हा मी आमच्या शहरातल्या गोरखपूर भागातल्या बाजारात मटार घेत होते. भाजीवाला शेंगा तोलत होता आणि विजय नगरहून वहिनीचा फोन आला. दादा, माझा थोरला भाऊ, झोपेतच गेला होता. मी मटार घेतले, पैसे दिले आणि रिक्षात बसले. ते मटार नंतर कोणी सोलले, मला आठवत नाही.

पुढचे दिवस घरात माणसांची ये-जा होती. त्यात दादाच्या हाताखाली मी ज्या सर्वेत काम केलं, त्यातली मंडळीही आली: जीप चालवणारे पांडेजी आणि टीममधली सगळ्यात लहान अंजली. मग पांडेजी हळूच म्हणाले, "दीदी, वो दो भाई याद हैं?" आणि झालं! किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आपण कामाला जातो, काम विसरून जातो, आणि डोक्यात उरतात ते किस्सेच.

काम असं होतं. बरगी धरणाच्या एका कालव्यावरच्या गावांत जाऊन शेतकऱ्यांना विचारायचं: आत्ता पाणी उशिरा येतं, कमी येतं, ते वेळेवर आणि पुरेसं आलं, तर एकरामागे जास्तीचं काय द्याल? आपण एक आकडा बोलायचा. हो म्हणाले तर चढवायचा, नाही म्हणाले तर उतरवायचा. कालव्याची दुरुस्ती शेवटच्या गावापर्यंत न्यायची की अलीकडेच थांबवायची, ते या उत्तरांवर ठरणार होतं. त्या शेवटच्या गावात कालवा होता, पाणी नव्हतं. दादाचा सगळा जीव त्या गावात. आम्हाला त्याची ताकीद एकच: विचारताना चेहरा कोरा ठेवायचा.

* * *

तर ते दोन भाऊ. शेतं शेजारी-शेजारी, बोलणं बंद. दादाने थोरल्याला आकडा विचारला, तो हो म्हणाला. धाकटा कुंपणापलीकडून म्हणाला, माझा त्याच्यापेक्षा जास्त लिहा. थोरला चढला, धाकटा आणखी चढला. बघता बघता भाव असा वर गेला की त्या पैशात दोघांनी मिळून नवा कालवा खणला असता.

तेवढ्यात धाकट्याची बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "साहब, ये सब काटो। घर हम चलाते हैं, भाव हम बताएँगे।"

तिने जो भाव सांगितला, तो थोरल्यालाही एकदम पटला. दोघं भाऊ कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर 'हो' म्हणाले.

* * *

कालव्याच्या तोंडाशी एक पटेलजी होते. त्यांना पाणी भरपूर. जास्तीचं काय द्याल विचारलं तर म्हणाले, काहीच नाही. मग चहा मागवला, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "काय साहब, नीचे वाले कित्ता बोले?"

दादा म्हणाला, ते सांगता येत नाही.

"अच्छा, मत बताओ। उनसे थोड़ा ज़्यादा हमारा लिख लो।"

"पर आपको तो पानी मिलता है।"

"हमको तो मिलता है। उनको न मिले, उसका क्या लगेगा?"

दादाने कोऱ्या चेहऱ्याने चहा संपवला, नमस्कार केला, जीपच्या मागे गेला आणि चाकाला टेकून खाली बसला. पांडेजींना वाटलं, साहेबांना चक्कर आली. हसून हसून त्याला उठता येत नव्हतं.

* * *

एका गावात एकाने सांगितलं, रुपयाचं जमणार नाही, मटार देऊ. दादाने समजावलं, आत्ता काही द्यायचं नाही, फक्त सांगायचं आहे. तो हो हो म्हणाला. घरी आलो तर जीपमध्ये मागे मटारचं पोतं.

दादा तत्त्वाचा माणूस. रविवारी पोतं परत करायला गेला आणि दोन पोती घेऊन आला. वहिनी दारात उभी.

"तुम्ही परत द्यायला जाऊन राहिले की आणायला?"

त्यानंतर घरात मटाराच्या करंज्या, मटारभात, मटाराची उसळ. दादाच्या सर्वेवर वहिनीचा राग होता तो एवढाच. हे आठवून त्या दिवशी सगळ्यांत आधी हसली तीच.

* * *

अंजलीला मराठी समजतं सगळं, बोलते हिंदीच. एका अम्माला तिने नीट विचारलं, आकडा चढवला, उतरवला. अम्मा लक्ष देऊन ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, आता मी विचारते. तुला चांगला नवरा वेळेवर मिळाला, तर किती तोळे देशील? पाच?

अंजली म्हणाली, नाही.

चार? तीन? अम्मा अगदी आमच्याच पद्धतीने एकेक तोळा उतरत शेवटी फुकटावर आली. अंजली म्हणाली, "मुफ़्त में भी नहीं।"

दादा मागून शांतपणे म्हणाला, "अंजली, शून्य पण उत्तर असतं. पण काहून शून्य, ते विचारावं लागते. अम्मा, पूछिए।"

अम्माने विचारलं. उत्तर अंजलीने आजही कोणाला सांगितलेलं नाही. लग्नही केलेलं नाही.

* * *

शेवटच्या गावातल्या कोरड्या कालव्यात मिरच्या वाळत, लग्नाच्या वराती जात. तिथे सगळ्यांनी भाव सांगितला, फक्त म्हाताऱ्या कोमल दद्दांनी नाही. "जो चीज़ देखी नहीं, उसका भाव कैसे बोल दें?"

उत्तर नाही म्हणजे शून्य धरायचं, असा वरचा नियम. गाव लहान, एक शून्यही जड. दादा तीनदा गेला, हात जोडले. तिसऱ्या खेपेला दद्दा म्हणाले, पहिले पाणी आणा. मग विचारायला या, पण तुम्हीच या. दादाने हात पुढे केला. दद्दांनी धोतराला हात पुसून तो धरला.

तेरवीच्या जेवणानंतर पांडेजींनी सांगितलं, दुरुस्ती होऊन या हिवाळ्यात पाणी तिथवर पोचलं. दोनच दिवसांपूर्वी दद्दांचा फोन आला होता. पांडेजी त्यांच्याच आवाजात बोलू लागले: "साहब से कहना, पानी आ गया। खेत की मेड़ पे खटिया डाल के बैठे हैं। सारा गाँव पूछ रहा है, कित्ता बोलोगे। हमने लड़कों तक को नहीं बताया।"

आम्ही पोट धरून हसत होतो. वहिनीने डोळे पुसले आणि विचारलं, "मग तुम्ही काय म्हटलं त्यांना?"

"क्या कहते, भाभीजी। कह दिया, साहब को बता देंगे।"

आता मार्च लागला आहे. दद्दांना भाव विचारायला अजून कोणी गेलेलं नाही.