साहेबांची हिरवळ

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात ते चहामुळे. एकीनं सांगितलं की दुसरीला तिच्या वेळचं आठवतं, आणि गाडी फिरून फिरून हिरवळीवरच येते. आता ती अशी आहे की पाय ठेवायला जीव होत नाही. चिकोडीहून आई विचारत असते, सुट्टीतसुद्धा घरी का येत नाहीस? तिला यातला एकही किस्सा मी कळवलेला नाही.

शाळा बेळगावच्या कॅम्पात, एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात. पुढची हिरवळ साहेबांनी स्वतः लावली, आणि एका संध्याकाळी तिथंच, वेताच्या खुर्चीत, चहा निवायच्या आत ते गेले. त्यांच्या मॅडम मग उटीला राहायला गेल्या. जाताना बंगला मुलींच्या शाळेला दिला. अट एकच, साहेबांची हिरवळ राखायची. दर नाताळात त्या येऊन बघत.

त्या वर्षी दसऱ्यालाच हिरवळ पिवळी पडली. ती गेली की बंगला गेला, बंगला गेला की शाळा गेली. आणि शाळा गेली की मी चिकोडीला, जिथं मंडळी माझं लग्न ठरवूनच बसली होती! कॉलेजात बॉटनी होती म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, ही हिरवळ माझ्याच गळ्यात बांधली.

*

पहिल्याच दिवशी रामाप्पा माळ्यानं गवताचं टोक धरलं आणि सतरंजी गुंडाळावी तशी हिरवळ गुंडाळली. मुळं उरलीच नव्हती. खाली बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, अर्ध्या वळून पडलेल्या. हुमणी.

मी किंचाळून पायरीवर चढले.

"बाई, वरडू नगासा," रामाप्पा हळूच म्हणाला. "खायच्या थांबल्यात. ऐकायल्यात."

मी कान दिला. मघापासून जी कुरकुर मला सुक्या पानांची वाटत होती, ती बंद झाली होती.

*

शांताक्का आमच्याकडे गणित शिकवते. निपाणीच्या जैन तंबाखूवाल्यांच्या घरातली. तिच्या अण्णांनी तंबाखूच्या भुकटीची पोती पाठवली. ती भिजवून पाणी ओतायचं, म्हणजे कीड मरते.

शांताक्का पाठ करून उभी राहिली. पोती तिची, पण जीव आम्ही घ्यायचा, असं तिनं आधीच बजावलं होतं.

पाणी मुरलं तशा अळ्या वर आल्या. मरायला इकडंतिकडं पसरल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या सगळ्या सरकत सरकत एका जागेभोवती गोल जमल्या. मधला चौकोन तेवढा हिरवागार होता, आणि त्यात चार खळगे. खुर्चीच्या पायांचे.

नेमकं तेव्हाच शांताक्कानं वळून बघितलं.

"अजून उठले न्हाईत वाटतं," ती म्हणाली, आणि थेट वर्गावर गेली.

*

मातीही वाईट. वीतभर खणलं की तांबडा मुरूम. मोठ्या बाईंनी आधी ओलं शेण ओतायला लावलं, त्यावर हुमणी आणखी पोसली. मग सगळं खणून तळ्यातला गाळ आणि कुजलेलं खत घालायचं ठरलं.

रामाप्पानं तो चौकोन सोडून बाकी सगळं खणलं. मोठ्या बाई चिडल्या, तेवढ्याचंच काय सोवळं म्हणून.

"खालनं ठोकायलंय, बाईसाहेब."

"काय ठोकायलंय?"

"आपन कुदळ मारली की तिकडनं बी मारत्यात."

मोठ्या बाईंनी पदर खोचला, कुदळ घेतली आणि एक घाव घातला. जरा वेळ तशाच वाकून राहिल्या. मग कुदळ त्याच्या हातात देत म्हणाल्या, "राहू दे. तेवढं गवत चांगलंच आहे की!"

*

नवं गवत लावायच्या आदल्या दिवशी, वेचलेल्या जिवंत अळ्या रामाप्पानं कुंपणाच्या भिंतीपाशी पत्रावळीवर ओतल्या. कावळ्यांना मेजवानी. कावळे आले, भिंतीवर ओळीनं बसले, आणि एकही खाली उतरेना.

रामाप्पानं हात जोडले. "दहाव्याला बसत्यात तसं बसल्यात. साहेबांचं कायतरी ऱ्हायलंय. शब्द द्या कुनीतरी."

पिंडाला कावळा शिवेना की घरचे देतात, तसा. मोठ्या बाई कसनुशा झाल्या, पण नाताळ जवळ आला होता. शाळा हिरवळ राखेल, असं त्यांनी भिंतीकडे बघून सांगितलं. कावळे हलले नाहीत. मग तेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं, साहेबच ते! एका कावळ्यानं मान तिरकी केली, एवढंच. शांताक्कानं खुर्ची परत जागेवर ठेवू म्हणून कबूल केलं. तरी नाही.

ऊन उतरलं होतं. मला हुडहुडी भरली होती, आणि माणसं, कावळे, सगळेच आता माझ्याकडे बघत होते. मला नुसतं आत जायचं होतं.

"मी बघीन हिरवळीकडे," मी म्हटलं. "मी कुठं जात नाही इथून."

भिंत एकदम रिकामी झाली. काळ्या पंखांखाली पत्रावळ दिसेनाशी झाली.

मोठ्या बाई आत गेल्या. शांताक्का माझ्याकडे न बघता त्यांच्यामागून गेली. रामाप्पानं झारी भरून आणली आणि माझ्या हातात दिली.

"खुर्चीपास्नं सुरू करा, बाई," तो म्हणाला.