मामांसाठी धुरावरच्या फासळ्या

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. खर्च एक हजार चारशे पंच्याऐंशी रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि आदल्या दिवशी देवासहून बसने आलेले माझे मामा. जागा धारच्या आमच्या घरामागचं अंगण. जाळ पेटवला सव्वासहाला, जेवायला बसलो दीड वाजता.

मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उरलेले दात काढले. कवळी दोनदा करून घेतली आणि दोन्ही वेळा हिरड्या सोलून निघाल्या. आता ती स्टीलच्या डबीत असते. तेव्हापासून ते दलिया आणि मऊ खिचडी खातात, तीही आपल्या खोलीत, दार लोटून. हिरड्यांनी चघळताना तोंड कसं होतं, हे कुणी बघू नये असं त्यांना वाटतं. एकसष्ट किलोचे बावन्न झाले. लग्नाकार्यात ते आधी सगळ्यांना वाढायला लावतात आणि मग 'पोट ठीक नाही' म्हणून उठून जातात. मला त्यांना चारचौघांत जेवायला बसलेलं पाहायचं होतं. बाकी काही नाही.

आमच्या घरांत डुकराचं मांस स्वयंपाकघरात जात नाही. पुरुष परसात तीन दगड मांडून ते शिजवतात. भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि शिजवणाऱ्यानं आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. ही शिकारीच्या दिवसांतली रीत. शिकार कायद्यानं बंद झाली, रीत राहिली. मामा त्या परसातल्या चुलीचे उस्ताद होते. पण त्यांचा रस्सा म्हणजे दात असलेल्यांचं खाणं. फासळ्या मंद आचेवर, धुरात पाच-सहा तास ठेवल्या तर मांस हाडावरून आपण होऊन सुटतं, हे मी मोबाईलवर पाहिलं आणि मामांना फोन केला.

"धुरी डासांना देतात, भाचेबुवा," ते म्हणाले. "कवळी न लावता एक फासळी माझ्या पोटात गेली, तर तुझा सगळा खर्च माझा."

पहिला प्रयोग मी दिवाळीनंतर एकट्यानं केला आणि तो वाया गेला. चूक इथल्याच माणसाकडून व्हावी अशी होती. आपण माळव्यातले लोक बाफले, कणकेचे उकडलेले गोळे, कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, भाजतो. मंद आणि एकसारखी आच म्हटली की हात आपोआप कंड्यांकडे जातो. बाफला तासाभरात निघतो आणि राख झटकली की झालं. मांस पाच तास तोच धूर पीत बसलं. पहिला घास घेतला तेव्हा गोठा चाटल्यासारखं वाटलं. दोन किलो मांस खड्ड्यात पुरलं आणि वहीत लिहिलं: कंडे नाहीत.

या वेळी लाकूड आंब्याचं आणलं, वर्षभर वाळलेलं, आठ किलो. ते वेगळ्या खड्ड्यात पेटवायचं, निखारे झाले की फावड्यानं उचलून पिंपात टाकायचे. पिंप साध्या लोखंडाचं, आडवं अर्धं कापून त्याचंच झाकण केलेलं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नये, तो तापला की विषारी धूर सोडतो. निखारे एका टोकाला, मांस दुसऱ्या टोकाला, मध्ये पाण्याची परात. मांसाखाली जाळ कधीच नको.

मांस शनिवारी महूहून आणलं. दुकानदारानं विचारलं, "भिया, दांत तो मजबूत हैं ना घर में? पसली ले जा रहे हो।" मी म्हटलं, एक पण नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग चरबीचा पदर असलेली पट्टी निवडून दिली. दोन किलो तीनशे ग्रॅम.

फासळ्यांच्या आतल्या बाजूला एक पांढरा, कागदासारखा पापुद्रा असतो. नवशिक्यानं सर्वांत आधी तो काढावा. तो राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना रबरासारखा ओढला जातो. चमच्याच्या दांड्यानं एक कोपरा उचलायचा, कोरड्या फडक्यानं धरायचा आणि सावकाश खेचायचा. मग मीठ, किलोला तीन लहान चमचे, सपाट भरून. धणे, जिरे, मिरी भरड कुटून. तिखट मामांच्या हिरड्यांसाठी निम्मं. गूळ आत्ता नाही, तो जळतो. रात्रभर झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, डबा वेगळा. या डब्यावरून घरात दोन वाक्यं झाली, ती इथे लिहीत नाही.

साडेसातला मांस पिंपात ठेवलं. आधी झाकणाच्या भोकातून दाट पांढरा धूर निघाला. मला वाटलं, छान. मामा शाल पांघरून खुर्चीवर बसले होते. "हा धूर डोळ्याला झोंबतो, तर जिभेला झोंबणार नाही?" ते म्हणाले. पिंपाच्या तळाशी हवेसाठी ठेवलेलं भोक थोडं जास्त उघडलं. हळूहळू धूर इतका पातळ झाला की तुळशीच्या हिरव्या पानांसमोर धरल्यावरच निळसर दिसायचा. दिसत नाही तो चांगला धूर.

पिंपातली उष्णता एकशे दहा अंशांच्या आसपास हवी. मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून तापमापकाच्या काट्याचा आकडा वहीत लिहीत होतो. आकडा दर वेळी आधीपेक्षा कमी येत होता.

"तू दर दहा मिनिटांनी दार उघडून विचारतोस, घर गरम का होत नाही," मामा म्हणाले. "माझ्यासारखा बँकेत चाळीस वर्षं असतास तर बँक बुडवली असतीस."

मग मी तो तापमापक पिंपाच्या उष्णतेसाठी झाकणातच बसवला, दुसरा काटा भोकातून आत सोडला, त्याचं टोक मांसात, दोन हाडांच्या मध्ये, आणि झाकणाला हात लावणं बंद केलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी काटा अडुसष्टवर आला आणि थांबला. साडेदहा, अडुसष्ट. अकरा, अडुसष्ट. निखारे व्यवस्थित, पिंप एकशे बारा. काटा बिघडला म्हणून उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला, तो बरोबर होता. मामा खुर्चीवरून उठून आत जायला लागले. दलियाची वेळ झाली होती. मी पिंपात टाकायला फावडं भरून निखारे उचलले.

पत्नी हे मांस खात नाही. ती मागच्या दारात उभी राहून तांदूळ निवडत होती.

"थांबा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात माठातलं पाणी गार कसं होतं?"

"पाझरतं म्हणून."

"मग यालाही घाम येतोय. घाम वाळतोय तोवर ते गारच राहणार. तुम्ही कितीही मोजा. निखारे ठेवा खाली."

मी फावडं खाली ठेवलं. मामा दारातच थांबले. बाहेर एकशे बारा अंश, आणि मध्ये बोटभर जाडीचं मांस, मेलेलं, आपल्याच ओलाव्यानं स्वतःला थंड ठेवत होतं. मी हिशेब करून जगणारा माणूस आहे, पण त्या न हलणाऱ्या आकड्यासमोर देव्हाऱ्यापुढे उभा राहतो तसा उभा राहिलो. मामा खुर्चीवर परत येऊन बसले. दलिया आणा असं कुणी म्हटलं नाही.

एक तास वीस मिनिटं. अकरा चाळीसला एकोणसत्तर झाले.

मग गुळाचं पाणी दोन चमचे वरून लावून पट्टी केळीच्या पानात गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि परत ठेवली. एक वाजून दहा मिनिटांनी काटा त्र्याण्णववर गेला. पान उघडलं. मांस हाडांच्या टोकांवरून नखभर मागे सरकलं होतं. मी एक हाड दोन बोटांत धरलं, आणि ते आलं. ओढलं नाही, नुसतं आलं, पांढरं स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखं. मांसाच्या कडेला काळसर कवचाखाली गुलाबी रेघ होती, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची.

मी आंघोळ करून आलो. अंगणातच तीन ताटं मांडली, पत्नीचं वरण-भाताचं, आमची दोन वेगळी. मामा ताटासमोर बसले आणि इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं, उठतात. मी माझ्या ताटात बघत राहिलो. पत्नीनं त्यांच्याकडे पाठ फिरवून उगाच लोणच्याची बरणी शोधली.

मामांनी मांसाचा तुकडा बोटांनी तोंडात ठेवला, जीभ टाळूला लावली आणि डोळे मिटले. हिरड्या हलल्या, फार नाही. मग दुसरा. मग हाड उचलून दोन्ही बाजूंनी चोखलं, अगदी आवाज करून, आणि ताटाच्या कडेला ठेवलं. असं करत चार हाडं रांगेत लागली.

"सूनबाई," ते म्हणाले, "लोणचं सापडलं असेल तर इकडे वळा. कुणी पाठ करून बसलं की मला जेवण जात नाही."

हात धुतल्यावर त्यांनी कोपरीच्या खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढल्या. मी हात पुढे केला. त्यांनी त्या पत्नीला दिल्या. "फासळी खाल्ली मी, शिजवली यानं, पण यानं ते फावडंभर निखारे आत टाकले असते तर आज दलियाच होता."

दिले पंधराशे, घेतले पत्नीनं. वरचे पंधरा रुपये मी परत केले. ते मामांनी मोजून घेतले.