लेकीच्या हॉटेलात ओतलेली बाटली

माझी लेक ऊर्जानगरजवळ एका हॉटेलात कामाला लागली, तेव्हा फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं की मालकीण जीव लावते. आठ महिने मी त्यातच खूश होते. पोळ्याच्या आधी थोडे तांदूळ आणि सुकी मासळी घेऊन आरमोरीहून एसटीत बसले. तिला कळवलं नाही. अचानक दिसले की हसेल, असं वाटलं.

हॉटेल लहानसंच. दारात झेंडूच्या कुंड्या, आत पिवळे दिवे, सहा-सात टेबलं. लसणाचा आणि तळलेल्या मासळीचा वास सुटला होता. वीज केंद्रातल्या ड्यूटीवरून सुटलेली माणसं हळू आवाजात बोलत जेवत होती. कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं बसलं होतं, एका ताटलीतले शेंगदाणे दोघं खात होते. जागा मला आवडली. मी भिंतीकडची खुर्ची धरून बसले.

मग लेक आतून आली. हातात ट्रे, ट्रेवर बीअरची बाटली. तिने ती म्हाताऱ्यापुढे ठेवली, झाकण काढलं आणि ग्लास तिरपा धरून फेस न येऊ देता ओतली. हात किती सरावलेला होता तिचा.

आमच्या गावात बायकांचा दारूबंदीचा गट आहे. मी त्यात पहिल्यापासून आहे, पण मागे उभी राहणारी. धाडीत आमची रीत अशी की दारू दिसली की आधी ओतायची, विचारायचं नंतर. विचारत बसलं तर माल मागच्या दाराने जातो. ओतायचं काम माझ्याकडे असतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. आणि ज्या घरचं माणूस दारूच्या कामात सापडेल, त्या घरच्या बाईने सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि गट सोडायचा, हेही आम्हीच ठरवलेलं.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. म्हाताऱ्याच्या टेबलावरची बाटली माझ्या हातात होती आणि बीअर फरशीवर पसरत होती.

गल्ल्यावरचा माणूस धावत आला. ही बाई कोण, हिला आत कोणी सोडलं, असं तो लेकीलाच विचारू लागला. आता तिचं काम जाणार हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, ती मला ओळखणार नाही. नसतं ओळखलं तरी चाललं असतं.

"माय आहे माझी," ती म्हणाली.

म्हातारा ओले पाय वर घेऊन बसला होता. त्याची बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षं झाली, मले हे सुचलं काऊन नाई?" म्हातारा हसला, मग बाजूचे लोकही हसले. तोवर मालकीण स्वयंपाकघरातून आली होती. हसणं ऐकून ती गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाली, जाऊ दे, यांना दुसरी बाटली आण.

लेक फरशी पुसत होती. मी फडकं मागितलं, तिने दिलं नाही. नंतर ती मला आत घेऊन गेली, भात आणि मासळीचा रस्सा वाढला.

"मी चोरी नाई करून राह्यली, माय. इथी लायसन आहे," ती म्हणाली. मग विचारलं, "गावात सांगशील का?"

काम सोड, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तिने सगळ्यांदेखत मला माय म्हटलं होतं.

गावी आले त्याच आठवड्यात सभा झाली. उठताना अध्यक्षबाईंनी विचारलं, लेक कशी आहे, कुठी आहे. मी म्हणाले, हॉटेलात आहे, बरी आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरीकडे वळल्या. मी उत्तर घोकून ठेवलं होतं, पुढच्या प्रश्नाचंही: तिथे दारू मिळते का, तर नाही. पुढचा प्रश्न आलाच नाही. मी खोटं बोलू शकते, हे त्यांच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.