पाचवं पान

आमच्या तंजावरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत कुणाच्या पोटात काय गेलं, हे एक वेळ त्या माणसाला ठाऊक नसेल, पण आमच्या आत्याला ठाऊक नाही असं कधी झालं नाही. ही आत्या माझ्या वडिलांची लांबची चुलत बहीण. बाराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून दोन गल्ल्यांपलीकडच्या एका खोलीत एकटीचा संसार. भाजीवालीपासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळी तिला आत्याच म्हणत. तामिळ बोलणारे अत्तै म्हणत, पण हाक एकच आणि धाकही एकच. लोक रस्त्यात भेटल्यावर एकमेकांना बरं आहे का विचारतात. आत्या विचारायची, "काय जेवलास?" आणि आपण सांगितलेलं तिला खरं वाटायचं नाही. "वांग्याची भाजी? आज? अरे, आज बाजारात वांगी होती कुठे? खरं सांग!" कचेरीतल्या आमच्या मोठ्या साहेबांच्या शिरस्तेदारांना तिनं भर रस्त्यात उभं करून वदवून घेतलं होतं, की काल रात्री ते नुसता ताकभात खाऊन झोपले, कारण बायकोशी भांडण झालं होतं. बिचारे तेव्हापासून नदीकाठच्या लांबच्या वाटेनं कचेरीला यायचे.

तिला सरकारी नोकरी लागली, ती या गुणामुळे नव्हे. लागली ती सोवळ्यामुळे. झालं असं की मद्रासेकडून एक तरुण डॉक्टर आले. इलाख्यातले लोक काय खातात, किती खातात, याची सरकारला मोजदाद हवी होती. डॉक्टरांबरोबर छापील कागदांचे गठ्ठे होते आणि लाकडी पेटीत एक सुरेख पितळी तराजू होता. पहिल्याच घरी डॉक्टर तराजू घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचले आणि आतून अशी काही ओरड झाली म्हणता, की शेजारच्या गल्लीतले लोक आग लागली समजून घागरी घेऊन धावले. परका पुरुष, परका तराजू, आणि शिजवलेलं अन्न तोलायचं? अन्न का कुणी तोलतं? लक्ष्मी निघून जाईल घरातून! आठवडाभर डॉक्टर असे घरोघरी फिरले आणि ओट्यावरच बसून राहिले. शेवटी कुणीतरी त्यांना आत्याचं नाव सांगितलं.

आत्यानं आधी तराजू ताब्यात घेतला. चिंच लावून घासला, कावेरीच्या पाण्यानं सात वेळा धुतला, उन्हात वाळवला, आणि मग जाहीर केलं की तराजू आता सोवळ्यात आहे, कुणी शिवायचं नाही. यात डॉक्टरही आले. त्यांनी एकदा सवयीनं पारड्याला बोट लावलं तर आत्यानं त्यांच्यादेखत पुन्हा सात वेळा धुतला. डॉक्टर मोठे गुणी. तेव्हापासून स्वतःच्या तराजूपासून दोन हात लांब उभे राहत. औंसांशी मात्र तिचं कधी पटलं नाही. "औंस हा मेला कोण? शेर आहे, तोळा आहे, मूठ आहे. जगाला एवढं पुरत नाही का?" तराजूवर वजन पाहायच्या आधी ती भात मुठीत घेऊन आकडा सांगायची, आणि तराजूचा आकडा वेगळा आला तर तराजूकडे संशयानं पाहायची. बहुतेक वेळा एकच यायचा, हे मी शपथेवर सांगतो.

शपथेवर अशासाठी, की लिहिणारा मी होतो. आत्याला अक्षर येत नव्हतं. सकाळी ती घरोघरी तोलत फिरायची, सगळं डोक्यात ठेवायची, आणि संध्याकाळी मी कचेरीतून आलो की तिच्या ओसरीवर बसवून माझ्याकडून कागद भरून घ्यायची. मी कारकून माणूस, अक्षर बरं, आणि मी लिहिताना ती समोर मुरुक्कूचा, म्हणजे आमच्याकडच्या चकलीचा, डबा ठेवायची. खायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. सांबार आमच्याच राजवाड्यात जन्मलं असं आम्ही तंजावरचे मराठे छातीवर हात ठेवून सांगतो. तसं असेल तर ते मुख्यतः माझ्यासाठीच जन्मलं असावं.

लोकांची गंमत अशी, की तोलणारी बाई येणार म्हटल्यावर घराघरांत साध्या मंगळवारीही दिवाळी व्हायला लागली. एका घरी तर चक्क लाडू झाले. आत्या मुकाट्यानं लाडू तोलायची, आकडे लक्षात ठेवायची, यजमानिणीचं कौतुक करायची. आणि चौथ्या दिवशी न सांगता मागच्या दारानं हजर! "पहिले तीन दिवस लोक सरकारला जेवायला घालतात," ती म्हणायची. "चौथ्या दिवशी स्वतः जेवतात." डॉक्टरांच्या कागदात तीनच दिवस होते. आत्यानं मला चौथा कागद जोडायला लावला. डॉक्टरांनी तो काढून ठेवला. आत्यानं पुन्हा जोडायला लावला.

दोघांचा खरा झगडा मात्र भागाकाराचा. डॉक्टर म्हणायचे, शिजलेलं सगळं भांड्यासकट तोला, भांड्याचं वजन वजा करा, घरातल्या माणसांनी भागा, झालं. आत्याला ते मुळीच मंजूर नव्हतं. "भांडं जेवतं का डॉक्टर? माणूस जेवतो. पान तोला, पान!" केळीच्या पानावर ज्याला जेवढं वाढलं तेवढं तोलायचं, असा तिचा हट्ट. डॉक्टर समजावून सांगायचे की तेवढा वेळ नाही, तेवढे रकाने नाहीत. आत्या मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन शेवटचं पान उचलेपर्यंत बसून राहायची.

आता मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाच पानं. वडील, मी, धाकटा भाऊ, आई आणि माझी बायको. त्या वर्षी बायकोला दिवस होते. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही मुलं जन्मली आणि गेली, एक तिसऱ्या दिवशी, एक अकराव्या. तिला जिना चढवत नव्हता, नखं पांढरी पडली होती. सुईण म्हणाली, बाईच्या अंगात काही नाही, हेही हाती लागेल असं दिसत नाही. मी काय केलं? नवस बोललो. इंग्रजी दुकानातून टॉनिकची महागडी बाटली आणली. रोज कचेरीत जाताना न चुकता विचारायचो, "घेतलंस ना?" जीव अर्धा झाला होता माझा. डॉक्टरांनी आमचं घर भांड्यानिशी तोलून घेतलं होतं आणि मला मुद्दाम सांगितलं होतं, की खाण्याच्या बाबतीत यादीतलं हे पहिल्या नंबरचं घर. म्हणजे अन्नाचा प्रश्न नव्हता. प्रकृतीच नाजूक, आणखी काय!

एका संध्याकाळी आत्या नेहमीसारखी सांगत होती, मी लिहीत होतो. घराचं नाव ती शेवटी सांगायची, आणि त्या दिवशी ती कुणाच्या मागच्या दारानं शिरली होती ते मला ठाऊक नव्हतं. "पहिलं पान," म्हणून आकडे झाले. "दुसरं पान. भात चार वेळा. सांबार तीन वेळा. दर वेळी म्हणतो आज उप्पू कमी पडलंय, वरून मीठ घेतो, आणि दर वेळी आणखी मागतो." मी मोठ्यानं हसलो. "कोण हा बकासुर?" "लिही." तिसरं पान झालं. चौथ्या पानावर अन्न निम्म्यानं उतरलं. "पाचवं पान. भात दीड मूठ. सांबार नाही. सांबाराचं भांडं ताकानं विसळलं, ते. भाजी नाही. लिंबाच्या लोणच्याची एक फोड."

मी टाक खाली ठेवला. "आत्या, पाचव्या पानाला कोण, मोलकरीण?"

"सून. पाचवा महिना लागलाय."

मला संताप आला. खरंच आला. "आणि त्या दुसऱ्या पानाला लाज नाही वाटत?"

"त्याला कुठे माहीत आहे? तो वाईट नाही रे. हात धुतो, विडा खातो, कचेरीत जातो. जाताना बायकोला विचारतो, टॉनिक घेतलंस ना."

मी कागदावरचं दुसरं पान पुन्हा वाचलं. ओसरीसमोरून माणसं जात-येत होती, आत्या त्यांना काय जेवलात म्हणून विचारत होती. मग तिनं मुरुक्कूचा डबा माझ्यासमोरून उचलला आणि आत नेऊन ठेवला.

घरी जाऊन मी बायकोला विचारलं, कधी बोलली का नाहीस. ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. "काय बोलायचं? अन्न संपलं म्हणून सांगायचं? सुनेनं तसं म्हणायचं नसतं." आईलाही काय बोल लावणार? तिनं स्वतः तीस वर्षं तसंच जेवून आम्हाला वाढवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या वाढीला पोदुम म्हणून पानावर हात आडवा धरला, तर आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि उरलेलं भावाच्या पानात वाढलं. जास्त शिजवायला सांगितलं, तर तेही पहिल्या पंगतीतच फस्त झालं. मी हात टेकले.

तेव्हा आत्या आली. हातात डॉक्टरांचा छापील कागद, त्यावर सरकारी शिक्का. कूडमाच्या, म्हणजे आमच्या मधल्या दालनाच्या, मधोमध उभी राहून म्हणाली, "वहिनी, सरकारचा हुकूम आलाय." आईनं कागदाकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "वाच रे, काय लिहिलंय?" मी कागद घेतला. इंग्रजीत लिहिलं होतं, आकडे शाईनंच लिहावेत आणि खाडाखोड करू नये. आत्या माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि वाचलं, "सदर घरातील गर्भिणी स्त्रीने सर्वांच्या आधी पानावर बसावे, तिचे पोट भरल्याखेरीज इतर कोणास वाढू नये." आई घाबरली. "अय्यो! किती दिवस?" मी म्हणालो, "पुढील हुकूम होईपर्यंत."

बारा वर्षं सरकारची नोकरी केली मी, पण एवढं चांगलं काम दुसरं केलं नाही.

पहिल्या दिवशी बायकोला घास गिळवेना. "सगळे बाहेर थांबलेत," म्हणून डोळ्यांत पाणी. आत्या तिच्यासमोर मांडी ठोकून बसली. "थांबू देत. तुझ्या पोटातलं पाच महिने थांबलंय, त्यांना अर्धी घटका काय होतंय? भाजी घे. आणखी घे." वडील कूडमात येरझाऱ्या घालत ब्रिटिश सरकारला शिव्या देत होते. महिन्याभरात बायकोच्या नखांना रंग आला. डॉक्टर मात्र नाराज. आपण फक्त पाहायचं असतं, हात लावायचा नसतो, आता या घराचे आकडे बिघडले, असं त्यांचं म्हणणं. आत्या शांतपणे म्हणाली, "तुम्ही पाहा, डॉक्टर. तुम्हाला कुणी नको म्हटलंय?"

मुलगी झाली. तिसरा दिवस गेला, अकरावा गेला. बाराव्या दिवशी बारशाला आत्या पाळण्याकडे गेलीच नाही, सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाचवं पान अजून तसंच आहे रे. आता तिथं वहिनी बसते." मी मान खाली घातली. सासूनं आधी जेवावं असा हुकूम कुठलं सरकार काढेल, आणि काढला तरी माझी आई तो थोडाच मानणार! वडील होते तोवर पंगत मोडायची माझी छाती झाली नाही. आई अधूनमधून विचारायची, "पुढचा हुकूम आला का रे?" मी म्हणायचो, अजून नाही.

दोन वर्षांनी डॉक्टरांचा अहवाल छापून आला. त्यांनी आठवणीनं एक प्रत आत्याला पाठवली. मी तिच्या ओसरीवर बसून वाचून दाखवली. राजवाड्याच्या आसपासची घरं सरासरीनं पुरेसं जेवतात, असं त्यात होतं. चौथा कागद नव्हता, पानं नव्हती, रकानाच नव्हता. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. माझी मुलगी तिच्या मांडीवर बसून मुरुक्कू चावत होती, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "खोटं नाही लिहिलं त्यांनी." मला मात्र गप्प बसवेना. त्या वर्षांत आमचं घर सरासरीनं पुरेसंच जेवत होतं, ज्या वर्षांत आमची दोन गेली. मी तसं म्हणालो, आणि भर दिवसा रस्त्यावरच्या ओसरीत मला रडू कोसळलं. आत्यानं मला रडू दिलं.

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वडीलही गेले. त्यानंतर एके दिवशी मी आईचा हात धरून तिला पानावर बसवलं, बायकोला बसवलं, मुलीला बसवलं, भात-सांबाराची भांडी मधोमध मांडली आणि आम्ही सगळे एकदम जेवलो. आई पहिले काही दिवस कुरकुरली, मग तिनं एकदा सांबार दुसऱ्यांदा मागितलं. वयाच्या साठाव्या वर्षी, माझ्यादेखत, पहिल्यांदा. ते पाहायला आत्या हवी होती.